कळपातली अकरावी

“पण ओळखायची कशी, बाबा?”

“पाहून.”

“एकोणीस दिवस पाहतेच आहे.”

“मंग आज विसावा पाहा, म्याडम.”

अवंती सरनाईकने वही उघडली आणि तशीच मिटली. लिहून घ्यावं असं म्हाताऱ्याने काही सांगितलंच नव्हतं. गेल्या एकोणीस दिवसांतही फारसं सांगितलं नव्हतं.

दोघं नाल्याच्या काठावर, येनाच्या झाडाच्या बुंध्याआड बसले होते. मे महिना होता. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाच्या त्या रानात पाणी एवढ्या एका डोहात उरलं होतं आणि त्या डोहात रानम्हशींचा कळप बसला होता. नाकपुड्या, कान आणि शिंगं तेवढी वर दिसत होती, बाकी सगळा चिखल.

कळपात अकरा जनावरं होती. त्यांतली एक रानाची नव्हती.

अवंती डॉक्टर होती, पण रानम्हशींची. हे टेंभाटोला या गावाला पहिले आठ दिवस पटलंच नाही. लोक येऊन गुडघे दाखवायचे, कुणी जीभ दाखवायचं. तिने एकाही गुडघ्याला औषध दिलं नाही. त्यावर लोक रागावले नाहीत. एवढी शिकलेली बाई, आणि साधा गुडघा कळत नाही, याचं त्यांना वाईटच वाटलं.

ती मूळची कोल्हापूरची. आल्या दिवशीच तिने बकारामला सांगून टाकलं होतं, “बाबा, म्हशी मला नव्या नाहीत. आमच्याकडे बाळ पाळण्यातून उतरतं ते म्हशीच्या दुधावरच.”

“बरं हाय,” बकाराम म्हणाला होता.

बकाराम नेवारे गोवारी होता. ढोरं राखणं हा त्याच्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. वय विचारलं तर तो हसायचा. रानम्हशींच्या मागे चाळीस पावसाळे हिंडलेला माणूस, असं वनखात्याचे लोक सांगत, आणि नवीन कुणी साहेब आला की पहिले दोन महिने त्याला बकारामच्या मागे चालायला लावत. दोन महिने मागे चालून पुष्कळ साहेब शहाणे झाले होते. काही बदली करून घेऊन गेले होते.

अवंतीला मागे चालायची सवय नव्हती.

आदल्या हिवाळ्यात तिने वनखात्याकडून कळपाच्या वाटेवरचे शेणाचे नमुने मागवून प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर आलं. दहा जनावरं अस्सल रानटी. अकरावं मात्र घरच्या म्हशीचं, थेट गोठ्यातलं.

पण शेण वाटेवर पडलेलं होतं. ते कुणाचं, हे कुठलीच प्रयोगशाळा सांगू शकत नव्हती.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. बकारामच्या गावालाही एकेकाळी वाटलं होतं. रानम्हशीला वाघ नेतो, पण वासरांना मधे घेऊन म्हशी शिंगं रोखून गोल उभ्या राहिल्या की वाघही विचार करतो. लाळ्या-खुरकुतासारखा रोग गावातल्या ढोरांकडून रानात जातो आणि पुष्कळ जनावरं मारतो, त्यावर लस आहे. पण घरची म्हैस कळपात शिरली आणि रानरेड्यापासून तिला वासरू झालं, तर त्यावर काही नाही. ते वासरू दिसायला रानाचंच दिसतं. मग त्याचं वासरू, मग त्याचं… पुढे कधीतरी रानात म्हशी असतात, पण रानम्हैस नसते. कुणी मेलेलं नसतं, आणि जात संपलेली असते.

हे गावाला पटवलं होतं बकारामनेच. सहा वर्षांपूर्वी ग्रामसभेत उभं राहून त्याने सांगितलं की टोल्यावर गाई-बैल ठेवा, शेळ्या ठेवा, म्हैस एकही नको. लोक कुरकुरले. दूध म्हशीचंच होतं. पण बकारामने दारोदार फिरून, स्वतःच्या हाताने एकेक म्हैस खुंट्यावरून सोडवली. साऱ्या म्हशी तीन दिवस चालवत मोठ्या बाजाराला नेल्या.

नियमही त्यानेच सांगितला होता. ज्याची म्हैस गावाच्या शिवेत सापडेल, तो म्हशीसकट शीव सोडेल.

त्याची स्वतःची एक म्हैस होती, जांभी. ती त्याच आठवड्यात वाघाने नेली. त्याने तसं सांगितलं तेव्हा लोक म्हणाले, चला, बाजाराला न्यायचे कष्ट वाचले.

आता बकारामकडे एक पितळी भांडं आणि कमरेला गुंडाळलेला एक जुना दोर, एवढाच संसार दिसायचा. भांड्यात प्यायचं पाणी असायचं. दोराने धोतर जागेवर राहायचं.

पहिल्या दिवशी अवंतीने त्याला हाच प्रश्न विचारला होता. ओळखायची कशी?

“मानसाले कोन भिते, ते पाहा,” तो म्हणाला होता.

एकोणीस दिवसांत त्याने दिलेलं सगळ्यात लांब उत्तर हेच. अवंतीने ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्यात तिला नवं काही वाटलं नव्हतं. रानटी जनावर माणसाला भितं, पाळलेलं भीत नाही. हे तर शाळेतलं पोरही सांगेल.

त्याप्रमाणे तिने पाहिलं. अकरा जनावरांना नंबर दिले. शिंगांचे फोटो काढले, खुरांचे ठसे मापले, पायांवरचे पांढुरके मोजे आणि गळ्याखालचे फिके पट्टे टिपले. चिखलाने त्यातलं निम्मं झाकलेलं असायचं. मग तिने घड्याळ लावून टिपायला सुरुवात केली. आपण आलो की कोण किती वेळात पळतं…

आणि उत्तर सापडलं.

“सात नंबर,” ती हळूच म्हणाली.

बकारामने डोहाकडे पाहिलं. सात नंबर म्हणजे एक शिंग टोकाला तुटलेली, जाड मानेची म्हैस. ती पाण्यात बसून सरळ त्यांच्याकडेच पाहत होती. रवंथ करत होती. पाठीवर एक बगळा होता.

“कशावरून?”

“आपल्याला रोज पाहते, उठत नाही. एकोणीस दिवसांत एकदाही आधी पळाली नाही. तिला माणसाची सवय आहे.”

“अन चार नंबर?”

अवंतीच्या चेहऱ्यावर हसू आलं. चार नंबर तिची लाडकी होती. माणसाचा वास आला की सगळ्यांत आधी तिचं नाक वर व्हायचं. ती पाण्यातून उठायची, बांबूच्या बेटामागे जायची आणि बऱ्याचदा बाकीच्यांनाही मागे घेऊन जायची. आजही दोघं आल्याबरोबर ती बेटामागे गेली होती. तिचं पुरतं अंग अवंतीला अजून एकदाही दिसलं नव्हतं. वहीत तिच्यापुढे अवंतीने ‘राणी’ असं लिहिलं होतं.

“ती कळपात सगळ्यांत रानटी आहे.”

“असं.”

“असंच.”

बकारामने बांबूच्या बेटाकडे पाहिलं.

“नक्की, म्याडम?”

“नक्की. वनखात्याच्या पथकाला निरोप पाठवलाय. उद्या सकाळी येतील. सात नंबरला बेशुद्धीची सुई मारायची, गाडीत घालायची आणि रानाबाहेर. पावसाळा सरताना रेडे कळपात येतात. त्याच्या आत हे झालंच पाहिजे.”

“अन सात नंबर रानाचीच निंगाली तं?”

“निघणार नाही.”

“निंगाली तं?”

अवंतीला राग आला. मग तिने मनातल्या मनात मोजून पाहिलं.

“तर रानाची एक जाईल. दहाच्या नऊ होतील. आणि घरची आतच राहील.”

“अन मंग?”

“मग काय, बाबा? संपलं मग.”

बकारामने मान हलवली. तो डोहाकडे पाहत राहिला. पाण्यावर माश्या घोंघावत होत्या. सात नंबरने एक कान फडफडवला आणि पुन्हा त्यांच्याकडे पाहू लागली.

म्हातारा असा किती वेळ बसला, ते अवंतीने मोजलं नाही. तिला वाटलं, आपलं उत्तर बरोबर आलं म्हणून त्याला वाईट वाटलंय. चाळीस वर्षांत त्याला जे जमलं नाही, ते तिने एकोणीस दिवसांत केलं होतं. तिला त्याची थोडी दया आली, आणि थोडं बरंही वाटलं.

मग बकारामने पितळी भांडं उचललं आणि त्यातलं पाणी जमिनीवर ओतून दिलं.

“अहो… पाणी का ओतलंत?”

गाव दोन कोस होतं. ऊन डोक्यावर आलं होतं. धोतराच्या सोग्याने त्याने भांडं आतून पुसलं, अगदी कोरडं होईपर्यंत. मग तो बुंध्याआडून उठला आणि उघड्यावर, काठाशी जाऊन उकिडवा बसला. भांडं दोन गुडघ्यांमध्ये धरलं.

डोहातली शिंगं हलली. सगळ्या माना वळल्या.

त्याने भांड्याच्या काठावर नखाने वाजवलं. टण… टण…

“ये वं,” तो म्हणाला. फार मोठ्याने नाही. घरातल्या माणसाला हाक मारावी तेवढ्याच आवाजात. “ये वं, माय. ये.”

अवंतीने दुर्बीण सात नंबरवर धरली. सात नंबरने रवंथ थांबवला नाही. तिच्या लेखी तो आवाज म्हणजे रानातला आणखी एक आवाज होता.

टण… टण…

बांबूचं बेट हललं.

चार नंबर बाहेर आली. आधी नाक, मग शिंगं, मग छाती. ती थरथरत होती, हे दुर्बिणीशिवायही दिसत होतं. दोन पावलं पुढे यायची, एक मागे जायची. बकारामकडे पाहायची, मग मागच्या बांबूंकडे. नाल्याच्या पलीकडच्या काठावर, चाळीसेक पावलांवर ती थांबली. पुढे यायला धजेना.

“ये वं…”

ती आडवी वळली. सगळं अंग त्यांच्याकडे करून उभी राहिली. मग तिने त्यांच्या बाजूचा मागचा पाय उचलला आणि वीतभर मागे नेऊन टेकवला.

आणि तशीच उभी राहिली.

अवंतीने दुर्बीण खाली घेतली.

हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं, पण तिला ते माहीत होतं. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर, वडिलांचं बोट धरून, हातात काचेचा पेला घेऊन ती रोज सकाळी उभी राहायची. गवळी म्हैस आणून गिऱ्हाइकासमोर उभी करायचा. तो बसायला लागला की म्हैस आपणहून त्याच्या बाजूचा मागचा पाय मागे घ्यायची, कासेला हात पोचावा म्हणून. मग पेल्यात फेस यायचा. सात वर्षांच्या मुलीला ते कुणी शिकवलं नव्हतं. रोज पाहून कळलं होतं.

रानात वाढलेली म्हैस कुणासाठी पाय मागे घेत नाही.

तिने दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. पाय मागे गेल्यामुळे कास दिसत होती. कास भरत आली होती.

“बाबा,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लहान वाटला. “ही गाभण आहे.”

“होय जी.”

“ही… जांभी?”

“होय.”

“वाघाने नेली होती ना?”

“मी तसं सांगतलं होतं.”

पलीकडे म्हैस उभीच होती. बकारामने भांडं बाजूला ठेवलं. कमरेच्या दोरावर हात फिरवला.

“लोक म्हनते, ढोर दावं तोडून पयते. तिनं नाही तोडलं. मी काढलं. हेच ते दावं.”

“का?”

“पयलं वासरू मेलं तिचं. दोन महिने दूध देल्लं, मंग आटली. मंग फरलीच नाही, गाभन झाली नाही. भाकड म्हशीले बाजारात कोन घेते, ते तुमाले मालूम हाय.” तो थांबला. “बाकीच्याइच्या दुभत्या होत्या. त्या कोनाच्या ना कोनाच्या दारात बांधल्या गेल्या. इले कोनी दारात बांधलं नसतं.”

“म्हणून रानात सोडलीत.”

“मले वाटलं, भाकड हाय. रानाचं काय बिघडते? सहा वरसं नाही बिघडलं. रोज येऊन पाहो. दुरून. तिनं मले पाह्यलं का ते पयाची. मले बरं वाटे. म्हनो, भिते तं चांगलं हाय.”

“आणि यंदा?”

“औंदा कास भरली.”

अवंती काठावर, त्याच्या शेजारी बसली. आता लपण्यात अर्थ नव्हता. सात नंबर त्या दोघांकडे पाहत होती, नेहमीसारखी.

“तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“होय.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“सांगतलं की. मानसाले कोन भिते ते पाहा, म्हनून.”

“मी उलटं समजले.”

“हे जे बसली हाय, तुमची सात नंबर…” बकारामने हनुवटीने दाखवलं. “इनं मानसाचं काय पाह्यलं? ते काहून भिईन?”

अवंतीने सात नंबरकडे पाहिलं.

“तुमी ओळखायची कशी, इतकंच इचारत रायल्या,” बकाराम म्हणाला. “कोनती हाय, हे एक रोज नाही इचारलं.”

ते खरं होतं. तिने ते विचारलं नव्हतं, कारण ते विचारलं असतं तर म्हाताऱ्याला माहीत आहे आणि आपल्याला नाही, हे कबूल करावं लागलं असतं. कशी, हे शिकून घेतलं की पुढचं श्रेय आपलं. कोणती, हे विचारलं की त्याचं. एवढा सरळ हिशेब तिच्या मनात होता, आणि तो आपल्या मनात आहे हे तिला आत्ता कळलं. तिला स्वतःचाच राग आला.

“विचारलं असतं तर खोटं बोलला असता?”

बकारामने विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला.

“मालूम नाही, म्याडम. रोज सकाळी घरून निंगताना वाटे, आज इचारतीन. आज काय बोलू? तुमी इचारलं नाही, म्हनून मी एकोनीस रोज वाचलो.”

“आणि आज तुम्ही गप्प बसला असता, तर सात नंबर गेली असती. जांभी राहिली असती. कुणाला कधी कळलं नसतं.”

“होय.”

“तसं का नाही होऊ दिलंत?”

बकारामने भांडं उचललं. आत पाहिलं. पुन्हा खाली ठेवलं.

“तुमी म्हनल्या ना… दहाच्या नऊ.”

पलीकडे जांभीने पाय जागेवर घेतला. ती वळली आणि बांबूत शिरली. तिच्यामागे पानं हलायची थांबली…

परतीच्या वाटेवर अवंती मागे चालत होती. गावाची पहिली शेतं दिसल्यावर ती थांबली.

“बाबा, ऐका. पथकाला मी सांगते, सात नाही, चार नंबर. ते घेऊन जातील तिला. जांभी तुमची होती हे कुणाला कळायचं कारण नाही. घरची म्हैस होती, कुठल्या तरी गावची, कळपात शिरली. अहवालात एवढंच लिहीन. खोटंही होणार नाही ते.”

“अन हिरामणले काय सांगू?”

हिरामण वाघाडे म्हणजे बकारामच्या दारासमोरचा.

“त्याची म्हस, कपिला, दुभती होती,” बकाराम म्हणाला. “घरात दोन लहान लेकरं. त्याच्या दारात जाऊन म्या दावं सोडवलं. त्याची बायको धरून रायली होती, तिची बोटं म्या सोडवली. तवापासून ते लेकरं कोरा चहा पेते. सहा वरसं मी त्याच्या दारावरून जातो, अन ते मले राम राम करते.”

“पण नियमाप्रमाणे तुम्हाला शीव सोडावी लागेल.”

“नेम कोनाचा हाय?”

अवंतीने खाली वाटेकडे पाहिलं.

“पथकाले वापस पाठवा, म्याडम. पोटात हाय तिच्या, सुई नको. मी नेतो तिले.”

सभा दुसऱ्या दिवशी सकाळी भरली. चिंचेखाली तीस-पस्तीस माणसं बसली. बकारामने उभं राहून सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. फार वेळ लागला नाही. सांगून झाल्यावर तो खाली बसला.

लोक जमिनीकडे पाहत होते. काही जणांना त्याची लाज वाटत होती आणि काहींना आपण हे ऐकतोय याची.

शेवटी हिरामण म्हणाला, “म्हंजे आमची कपिला बाजारात, अन तुमची जांभी रानात चरत होती.”

“होय.”

“दूध काढत होते का तिचं?”

“नाही.”

हिरामणने डोकं खाजवलं. “मंग उपेग काय झाला बापा तुमाले?”

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग दोन-चार जण एकदम बोलू लागले. म्हातारा माणूस आहे, कुठे जाईल, म्हैस तेवढी घालवून द्या, माणूस राहू द्या. हिरामणनेही मान डोलावली.

“नाही,” बकाराम म्हणाला. “मले सोडलं, तं पुढच्या साली प्रत्येकाची एक म्हस वाघ नेईन.”

ते ज्याच्या त्याच्या मनातलंच होतं.

तीन दिवस तो रोज सकाळी कोरडं भांडं घेऊन डोहावर जात राहिला. अवंती लांब बसून पाहत होती. तिने दुर्बीण आणली नव्हती. पहिल्या दिवशी जांभी डोहाच्या काठापर्यंत आली. दुसऱ्या दिवशी नाल्यात उतरली. तिसऱ्या दिवशी तिने भांडं हुंगलं, आणि बकारामने हात पुढे केला तशी दचकून पळाली. बाकीचा कळप पाण्यातून हे पाहत होता. त्या दिवसांत एकदाही त्यांच्यात पळापळ झाली नाही.

चौथ्या दिवशी ती नाला ओलांडून वर आली आणि बकारामच्या मागे उभी राहिली.

गावाच्या शिवेवर एक शेंदूर लावलेला दगड होता. तिथवर अवंती सोबत आली. हिरामणची दोन्ही लेकरं दगडापाशी उभी होती. एवढी मोठी म्हैस जवळून पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पुढे रस्ता होता, नदी होती, आणि नदीपलीकडे तीन दिवसांच्या वाटेवर बकारामच्या बहिणीचं गाव होतं, जिथून हे रान दिसतही नव्हतं. तिथे म्हैस बांधायला कुणाची ना नव्हती.

“बाबा, कळपावर लक्ष कोण ठेवणार आता?” अवंतीने विचारलं.

“तुमी.”

“मला येत नाही.”

“आता येईन.”

त्याने भांडं तिच्या हातात दिलं. मग कमरेचा दोर सोडायला सुरुवात केली. धोतरासाठी आज त्याने पळसाच्या मुळाची दोरी बांधली होती, ते तिने सकाळीच पाहिलं होतं. दोर झिजलेला होता. एका टोकाला गळ्याचा फास अजून तसाच होता.

जांभीने दोर पाहिला. कान मागे पडले, आणि ती तीन पावलं मागे सरली.

बकाराम तिच्याकडे गेला नाही. त्याने तो फास स्वतःच्या डोक्यावरून गळ्यात घातला. दुसरं टोक पाठीवर मोकळं सोडलं, आणि तो चालू लागला.

दोराचं टोक त्याच्या मागे धुळीत घासत गेलं. जांभी उभी होती. मग तीही निघाली. आधी पंधरा पावलं मागून, मग दहा, मग पाच. चालता चालता खाली मान घालून ती दोराचं टोक हुंगत होती. तिला कुणीच धरलेलं नव्हतं. डावीकडे सगळं रान मोकळं होतं.

“बाबा,” अवंतीने हाक मारली. “ती अशी क…”

कशी, हा शब्द ओठांपर्यंत आला होता. तिने तो गिळला. हातातल्या भांड्याकडे पाहिलं. मग रस्त्याने जाणाऱ्या त्या दोघांकडे पाहिलं, बराच वेळ.

“बाबा, यातलं बांधलेलं कोण आहे?”

बकाराम थांबला. मागे म्हैसही थांबली.

त्याने वळून पाहिलं.

“हे पयल्या रोजी इचारलं पायजे होतं, पोरी.”